घरातील तंतुवाद्यसंग्रह : सहवास, नोंद आणि इतिहास

१

खाजगी संग्रहाचा इतिहास बहुधा त्याच्या अखेरीपासून लिहिला जातो. देणगीचा करार, लिलावाची यादी, मृत्युपत्रातील एखादे कलम ही त्याची ठळक साधने होत. आणि ही सर्व साधने संग्रह घराबाहेर पडत असतानाची आहेत. त्यापूर्वी एका वाद्याची दोन झाली, दोहोंची वीस झाली, बैठकीची खोली भरली, मग माडी भरली आणि घरच्या माणसांनी आपले नित्याचे व्यवहार त्या पसाऱ्याभोवती बसवून घेतले. हा मधला वीस-तीस वर्षांचा काळ इतिहासलेखनात सहसा येत नाही. संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या वाद्याचे वर्णन असे केले जाते, की जणू ते कारागिराच्या हातातून थेट तेथेच आले.

तंतुवाद्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. नाणे पेटीत ठेवले तर ते शंभर वर्षांनीही बव्हंशी तसेच राहते. तंतुवाद्य तसे राहत नाही. ते ताणाखाली जगते, ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, दुरुस्त होते, आणि नव्या पिढीच्या रुचीप्रमाणे त्याचे अवयवही बदलले जातात. घरात काढलेली वर्षे त्याच्या देहावर उमटतात. मात्र त्या खुणांचा अर्थ लावण्यास सोबत एखादी नोंद लागते. गिटार आणि तिच्या कुळातील वाद्यांचे काही गृहसंग्रह येथे विचारात घेतले असून, त्यांवरून निघणारा मुद्दा थोडक्यात असा : वाद्यसंग्रह इतिहासाचे साधन ठरतो तो संख्येने किंवा मोलाने नव्हे, तर तो घरात असताना त्याच्याविषयी काय टिपून ठेवले गेले यावरून.

२

प्रथम वाद्याची प्रकृती पाहणे इष्ट होईल. पोलादी तारांच्या सहा-तारी गिटारीवर सर्व तारांचा मिळून सुमारे ७० ते ८० किलोग्रॅम इतका ताण असतो. नायलॉनच्या तारांच्या गिटारीवर तो सुमारे ४० किलोग्रॅम भरतो. हा भार पेलणारी वरची फळी अवघी दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. ती याहून जाड केली तर नाद मंदावतो, आणि पातळ केली तर ती पुलाशी उचलली जाते. म्हणजे उत्तम गिटार ही मोडण्याच्या सीमेवर उभी असलेली वस्तू होय. हवेतील दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर ती सुखात राहते. कोरड्या थंडीत फळीस चिरा जातात. दमट हवेत लाकूड फुगून तारा पट्टीपासून उचलल्या जातात आणि सांधे सुटू लागतात. एक गिटार घरात असणे हा छंद असेल. परंतु पन्नास गिटारी असणे म्हणजे खिडक्या केव्हा उघडाव्यात, शेगडी कोठे ठेवावी, कोणती भिंत उन्हाने तापते, या प्रश्नांवर घराचा दिनक्रम ठरणे होय.

ही अडचण आजची नाही. केंब्रिज येथील ट्रिनिटी महाविद्यालयात गायक असलेल्या टॉमस मेस याने १६७६ साली लंडन येथे 'म्यूझिक्स मॉन्युमेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गिटारीची सोयरी असलेल्या ल्यूट या वाद्याच्या निगेविषयी त्यात मेसने दिलेला सल्ला प्रसिद्ध आहे. दिवसा ल्यूट नित्य वापरातील बिछान्यात, रग आणि घोंगडी यांच्यामध्ये ठेवावे; चादरींमध्ये मात्र कधीही ठेवू नये, कारण तेथे अंगाचा ओलावा असतो. अशा बिछान्यावर कोणी नकळत अंग टाकले तर वाद्याचा चुरा होईल, ही धास्तीही मेसने व्यक्त केली आहे. हा सल्ला आज विनोदी वाटेल. पण त्यामागील निरीक्षण अचूक आहे. इंग्लंडच्या दमट हवेत घरातील सर्वांत कोरडी आणि समशीतोष्ण जागा बिछाना हीच असे. वाद्याला घरातील माणसाइतकीच जागा द्यावी लागते, हे सतराव्या शतकातील या गायकाने स्वानुभवाने ओळखले होते.

३

मेसच्याही आधी शंभर वर्षे ऑग्सबुर्ग येथे एका सावकारी घराण्यात असा संग्रह वाढला होता. धाकटा राइमुंड फुगर याच्या वाद्यांची १५६६ साली केलेली यादी उपलब्ध आहे. तीत एकट्या ल्यूट या वाद्याचे १४०हून अधिक नग नोंदलेले आहेत. एवढी वाद्ये एका माणसाने वाजविणे अशक्य होते. म्हणजे संग्रह हेच त्यांचे प्रयोजन होते, हे उघड आहे. ती वाद्ये पुढे पांगली, आणि आज त्यांतील बहुतेकांचा माग लागत नाही. तरीही सोळाव्या शतकातील ल्यूट कोणत्या द्रव्यांची बनत, त्यांत किती वैविध्य होते आणि धनिकांच्या घरी त्यांना कोणते स्थान होते, हे सांगताना अभ्यासक या यादीकडे वळतातच. येथे वाद्य गेले आणि कागद उरला. तथापि इतिहासाच्या दृष्टीने संग्रह नाहीसा झाला नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण लुईजी तारिझिओ याचे. इटलीतील खेड्यापाड्यांतून आणि मठांतून जुनी व्हायोलिने मिळवून पॅरिसच्या व्यापाऱ्यांना विकणारा हा फिरता गृहस्थ १८५४ साली मिलान येथे वारला. त्याच्या मृत्यूची वार्ता कळताच पॅरिसचा वाद्यनिर्माता झां-बातिस्त व्हियोम इटलीस धावला आणि वारसांकडून शंभरावर वाद्ये विकत घेऊन आला. त्यांत स्ट्रॅडिव्हरीने १७१६ साली केलेले आणि 'मेसाया' या नावाने पुढे गाजलेले व्हायोलिनही होते. तारिझिओची नजर असामान्य होती, याविषयी दुमत नाही. परंतु कोणते वाद्य कोठून, कोणाकडून आणि कोणत्या स्थितीत मिळाले, याची व्यवस्थित नोंद त्याने मागे ठेवली नाही. व्यापाऱ्यास आपले झरे गुप्त ठेवणेच सोयीचे असते. परिणामी शेकडो वाद्यांच्या वंशावळीत त्याच्या नावापाशी खंड पडतो. खुद्द 'मेसाया'च्या अस्सलपणाविषयी विसाव्या शतकाच्या अखेरीस वाद उठला, तेव्हा लाकडाच्या वलयांची मोजणी करण्यापर्यंत पाळी आली.

त्या वादात दोन्ही पक्षांनी ज्या कागदांचा आधार घेतला, ते कागद तारिझिओच्या अगोदरच्या एका संग्राहकाचे होते. इग्नात्सिओ अलेस्सांद्रो कोत्सिओ, सालाब्यूचा काउंट (१७५५-१८४०), याने तरुणपणीच, १७७५-७६च्या सुमारास, स्ट्रॅडिव्हरीचा मुलगा पाओलो याच्याकडून उरलेली वाद्ये आणि त्यांबरोबर कार्यशाळेतील साचे, हत्यारे व कागदी नमुने विकत घेतले. एखाद्या उमरावाने कारागिराचे खराब झालेले साचे जपावेत, हे त्या काळी चमत्कारिक वाटले असेल. परंतु कोत्सिओने येथेच न थांबता वाद्यांची मापे, वार्निशाचा रंग, झालेल्या दुरुस्त्या आणि खरेदीचे तपशील पुढील अनेक वर्षे टिपून ठेवले. त्याची वाद्ये त्याच्या हयातीतच विकली गेली. कागद आणि साचे मात्र राहिले. साचे १९२० साली जुझेप्पे फिओरिनी या वाद्यनिर्मात्याने विकत घेऊन १९३० साली क्रेमोना शहरास अर्पण केले; टिपणे १९५० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

गिटारीच्या अभ्यासकास या कागदांचे मोल वेगळ्याच कारणाने आहे. स्ट्रॅडिव्हरी हा व्हायोलिनकार म्हणून विख्यात असला तरी तो गिटारीही करीत असे. त्याच्या आज ज्ञात असलेल्या गिटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, आणि त्यांतील काहींत पुढे मोठे फेरफार झाले. त्याच्या काळची गिटार पाच जोडतारांची असे. एकोणिसाव्या शतकात सहा एकेरी तारांची पद्धत रूढ झाली, तेव्हा घराघरांतील जुन्या गिटारींच्या माना आणि पूल बदलण्यात आले. १६७९ची 'सबिओनारी' नावाची त्याची गिटार अशाच बदलातून गेली आणि अलीकडच्या काळात ती पुन्हा मूळ स्वरूपाकडे नेण्यात आली. मूळ रूप कसे होते याविषयी अनुमान बांधताना क्रेमोना येथील त्या कागदी नमुन्यांचा उपयोग होतो. त्यांत गिटारीचे नमुनेही आहेत. जी वस्तू विकत घेताना कवडीमोलाची होती, ती वाद्याइतकीच बोलकी ठरली. कोत्सिओ नसता तर ती बहुधा चुलीत गेली असती.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गृहसंग्रहाला नवे वळण लागले. संग्रहालये उभी राहू लागली आणि घरातील संग्रह आज ना उद्या तेथे जावयाचा आहे, ही जाणीव संग्राहकाच्या मनात निर्माण झाली. कलकत्त्यातील पाथुरियाघाटाचे सौरींद्रमोहन टागोर (१८४०-१९१४) यांचे कार्य या संदर्भात लक्षणीय आहे. १८७५ साली त्यांनी 'यंत्रकोश' हा भारतीय वाद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढील वर्षी सुमारे शंभर भारतीय वाद्ये बेल्जियमच्या राजास भेट दिली. १८७७ साली स्थापन झालेल्या ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचा ती एक पाया ठरली. तेथील पहिले संग्रहाध्यक्ष व्हिक्टर-शार्ल माहियों यांनी वाद्यांचे जे चतुर्विध वर्गीकरण केले, त्याचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या नाट्यशास्त्रातील विभागणीशी असलेले साम्य सर्वश्रुत आहे. त्याच वर्गीकरणाचा विस्तार १९१४ साली हॉर्नबॉस्टेल आणि झाक्स यांनी केला. टागोरांनी नुसती वाद्ये पाठविली असती तर ती विदेशी कुतूहलाची वस्तू होऊन राहिली असती. वाद्यांच्या आगेमागे ग्रंथ होता, नावे होती, वर्गीकरण होते. म्हणून त्यांचे शास्त्रात रूपांतर झाले.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज या गावी मेरी एलिझाबेथ अ‍ॅडम्स ब्राउन (१८४२-१९१८) या बँकमालकाच्या पत्नीने याच सुमारास संग्रह आरंभिला. आरंभीचा हेतू घरातील संगीतकक्ष सजविण्याचा होता, असे सांगतात. परंतु थोड्याच वर्षांत संख्या कक्षाच्या आवाक्याबाहेर गेली. पतीच्या व्यवसायातील दूरदेशीचे हस्तक, धर्मप्रसारक, राजदूत अशा अनेकांशी पत्रव्यवहार करून ब्राउनबाईंनी घरबसल्या जगाच्या चारही कोपऱ्यांतून वाद्ये मागविली. १८८८ साली मुलगा विल्यम याच्यासह त्यांनी वाद्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे मुलाने काढली होती. म्हणजे घर हेच संग्रहाचे कार्यालय झाले होते आणि माय-लेक हेच तेथील कारकून, चित्रकार आणि लेखक होते. लगेच पुढील वर्षी, १८८९ मध्ये, २७०हून अधिक वाद्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देण्यात आली. संग्रहास पतीचे नाव देण्यात आले आणि भर घालण्याचे काम बाईंनी अखेरपर्यंत चालू ठेवले. त्यांच्या निधनाच्या वेळी ही संख्या सुमारे ३,६०० झाली होती. क्रिस्तोफोरी याने १७२० साली केलेला, आज उपलब्ध असलेल्या पियानोंतील सर्वांत जुना पियानो याच संग्रहातील आहे.

या संग्रहाची दुसरी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. फ्लॉरेन्स येथील लेओपोल्दो फ्रान्चिओलिनी हा व्यापारी जुन्या-नव्या तुकड्यांची जोडणी करून, खोटे लेख घालून वाद्ये विकीत असे. १९१० साली त्याला फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. युरोप-अमेरिकेतील बहुतेक मोठ्या संग्रहांत त्याचा माल शिरला, आणि ब्राउन संग्रहही त्यास अपवाद नाही. परंतु खरेदीचा पत्रव्यवहार आणि छापील सूच्या यांमुळे अशी वाद्ये वेगळी काढणे पुढील अभ्यासकांस सुकर झाले. नोंद ठेवणारा संग्राहक चुकत नाही असे नव्हे. त्याची चूक इतरांना सुधारता येते, एवढाच त्यातील फरक आहे.

५

गिटार हे स्वतंत्र संग्रहविषय म्हणून प्रतिष्ठा पावली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कारखान्यात तयार होणारे, सामान्य माणसाच्या घरी रुळलेले हे वाद्य संग्राह्य मानले जाण्यास दोन पिढ्या जाव्या लागल्या. मार्टिन या अमेरिकन कारखान्याने १८९८ पासून प्रत्येक गिटारीवर अनुक्रमांक घातला, त्यामुळे वाद्याचे जन्मसाल तत्काळ कळते. मात्र अनुक्रमांक जन्मापुरताच साक्षी असतो. त्यानंतर वाद्यावर पुन्हा वार्निश चढविले का, खुंट्या केव्हा बदलल्या, मान केव्हा उतरवून बसविली, कोणाच्या हाती ते वाजले, या प्रश्नांची उत्तरे कारखान्याच्या वहीत सापडत नाहीत. ती घरातच असतात, आणि बहुधा मालकाच्या स्मरणातच राहून त्याच्याबरोबर जातात.

न्यू जर्सीतच राहणारे उद्योजक स्कॉट चिनेरी (१९६०-२०००) यांनी एक हजाराहून अधिक गिटारी जमविल्या होत्या. जेम्स डॅकविस्टो या निर्मात्याने त्यांच्यासाठी निळ्या रंगाची एक गिटार केली. १९९५ साली डॅकविस्टो निवर्तल्यावर चिनेरी यांनी तत्कालीन श्रेष्ठ कारागिरांकडून त्याच रंगाच्या गिटारी करवून घेतल्या. प्रत्येकाने आपले कसब दाखवावे, रंग मात्र तोच ठेवावा, अशी अट होती. या गिटारींचे प्रदर्शन वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेत भरले, आणि १९९६ साली संग्रहाचा सचित्र ग्रंथही निघाला. चिनेरी चाळिशीतच वारले आणि संग्रहाचा मोठा भाग पुढे निरनिराळ्या हातांत गेला. त्या संग्रहाचे एकत्रित रूप आज त्या ग्रंथातच पाहावयास मिळते. फुगरची यादी आणि हा ग्रंथ यांच्यात सव्वाचारशे वर्षांहून अधिक अंतर आहे. दोहोंचे कार्य मात्र एकच. २०२५ साली मेट्रोपॉलिटन संग्रहालयास एका खाजगी संग्राहकाकडून ५००हून अधिक अमेरिकन गिटारी मिळाल्याचे जाहीर झाले. ज्या संस्थेने १८८९ मध्ये ऑरेंज येथील घरातून आलेली वाद्ये स्वीकारली, तिनेच कारखान्यातील गिटारीला आपल्या दालनात स्थान द्यावे, ही घटना वाद्याच्या सामाजिक प्रवासाची निदर्शक आहे.

नोंदीची गरज आता निव्वळ विद्वत्तेपुरती उरलेली नाही. जुन्या गिटारींच्या पाठी आणि कडा ब्राझीलमधील शिसवीच्या जातीच्या लाकडाच्या असत. त्या लाकडाचा पुरवठा आटू लागल्यावर, १९६९च्या सुमारास मार्टिनने भारतीय शिसवीचा अवलंब केला. सह्याद्रीतही वाढणारे हे झाड अशा रीतीने जगभरच्या गिटारींत पोचले. वन्य जीव व वनस्पती यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार १९७५ साली अमलात आला; १९९२ साली ब्राझीलच्या शिसवीवर त्यान्वये कडक निर्बंध आले. २०१७ साली शिसवीच्या त्या संपूर्ण प्रजातीचा समावेश नियंत्रित यादीत झाला, आणि वादक व निर्माते यांच्या अडचणी लक्षात घेऊन २०१९ साली, ब्राझीलची जात वगळता, तयार वाद्यांना सवलत मिळाली. म्हणून ब्राझीलच्या शिसवीची गिटार सीमेपार न्यावयाची असल्यास तिचे लाकूड निर्बंधापूर्वीचे आहे, याचा पुरावा लागतो. वडिलांनी जपलेली एक जुनी पावती मुलाच्या हाती परवान्याइतकी मोलाची ठरते.

६

महाराष्ट्रातील अभ्यासकास हा सर्व वृत्तांत परका वाटण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रथम सापडली ती घरांतच : माळ्यावर, पेटाऱ्यात, देवघराच्या कोनाड्यात. राजवाडे यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा गृहस्थांच्या घरची दप्तरे हाच त्या उद्योगाचा आधार होता. वस्तूंच्या बाबतीत तेच कार्य पुण्यात दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी केले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या आणि चष्म्यांचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थांनी १९२०च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती यांच्याबरोबर वाद्येही घरात आली, आणि कालांतराने घर व संग्रहालय यांतील सीमारेषाच पुसली गेली. अकाली निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयास देण्यात आले. १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाले. या उदाहरणात वस्तू घर सोडून गेल्या नाहीत. घरानेच त्यांच्यासाठी आपले घरपण सोडले, असे म्हणता येईल.

आजही पुणे, मुंबई, मिरज, गोवा येथील अनेक घरांत सतारी, तंबोरे, व्हायोलिने आणि गिटारी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. यांतील बहुसंख्य वाद्यांची किंमत बाजारात किरकोळ भरेल, आणि म्हणूनच ती प्रथम नष्ट होतील. घरमालकाच्या निधनानंतर जागेची निकड, वारसांची गैरसोय, एखाद्या पावसाळ्यात सुटलेले सांधे यांपैकी कोणतेही कारण त्यांस पुरेसे आहे. प्रत्येक वाद्य संग्रहालयात नेणे शक्य नाही, आणि ते इष्टही नाही. वाद्य वाजत राहावे हेच त्याच्या प्रकृतीस मानवते. परंतु ते केव्हा, कोठून, किती रुपयांस घेतले. कोणी दुरुस्त केले. कोणता भाग बदलला आणि जुना भाग कोठे ठेवला. घरात कोण वाजवीत असे आणि कोणत्या प्रसंगी, एवढे सहा-सात तपशील एका वहीत उतरवून घेण्यास एक दुपार पुरते. सोबत आतील चिठ्ठीचे आणि दुरुस्तीच्या जागांचे छायाचित्र असल्यास उत्तमच. पदव्युत्तर विद्यार्थ्यास हे काम प्रबंधाच्या तुलनेने क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. फुगरची यादी कोणा कारकुनाने केली, कोत्सिओची टिपणे एका छांदिष्ट उमरावाने केली, आणि ऑरेंज येथील पत्रे एका गृहिणीने लिहिली. वाद्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांस आजही त्यांच्या पायरीवर जाऊन बसावे लागते. ज्या घरात वाद्य आणि त्याची आठवण सांगणारे माणूस ही दोन्ही आज एकत्र आहेत, तेथे ही वही उघडण्यास उशीर परवडणारा नाही. कारण या दोहोंपैकी आधी कोण जाईल, हे सांगता येत नाही.